ऑस्ट्रेलियाचा पीआर: आपली इंजिनिअरिंगची पदवी तिकडे कशी मोजतात?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसताच वाचत होतो, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. आधी डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयरला बीई. कॉलेज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न, पास झालो २०१३ साली. तेव्हापासून सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात आहे. सुरुवात शिफ्ट इंजिनिअर म्हणून, आता मिल हाऊस माझ्याकडे आणि हंगामात बॉयलरकडेही बघावं लागतं. बायको सिव्हिलची, एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे डिझाइनचं काम करत होती. वय ३४, मुलगी पहिलीत.

ऑस्ट्रेलियाच्या पीआरसाठी, म्हणजे कायमच्या निवासासाठी, अर्ज करायचं दोघांनी मिळून ठरवलंय. चौकशीला एका एजंटाकडे गेलो, तर तो म्हणाला, तुमच्या कॉलेजला तिकडे कोणी विचारत नाही, पदवी मान्य व्हायची नाही. पण आम्ही रिपोर्ट तयार करून देतो, तुम्ही फक्त सही करा. मागितलेले पैसे ऐकून घरी परत आलो. उलट माझ्या मावसभावाची पदवी, तोही मेकॅनिकलच, थेट मान्य झाली. तो पुण्यातल्या एका स्वायत्त कॉलेजचा, २०१६ चा.

राज्य एक, पुस्तकं बहुतेक तीच, मग हा फरक कुठून आला? आणि साखर कारखान्यातलं काम तिकडे इंजिनिअरिंग म्हणून धरतात की नुसतं मेंटेनन्स म्हणून सोडून देतात? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा, कितीही मोठं असलं तरी वाचेन.

शेवटचा_बाक

मीही याच रांगेत आहे. वाचनखूण साठवली.

पर्थकर

धागा काढलात ते बरं झालं. हे सगळं मराठीत एका जागी कुठे सापडत नाही.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा, कारण एजंट मुद्दाम त्या एकत्र कालवतात. पीआरसाठी लागतं ते स्किल्स असेसमेंट. इंजिनिअरिंगच्या बहुतेक व्यवसायांसाठी ते इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया ही संस्था करते. तुमचं शिक्षण त्यांच्याकडच्या कुठल्या पायरीला बसतं, एवढंच ती सांगते. प्रोफेशनल इंजिनिअर म्हणजे साधारण चार वर्षांची पदवी, त्याखाली इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजिस्ट, त्याखाली डिप्लोमावाले इंजिनिअरिंग असोसिएट. इंजिनिअरिंग मॅनेजर हा आणखी एक वेगळा गट. हे पत्र हातात आलं की मग गृहखात्याच्या स्किलसिलेक्ट या ऑनलाइन प्रणालीवर ईओआय, म्हणजे इच्छुक असल्याची नोंद, भरायचा. व्हिसा देणं न देणं गृहखात्याच्या हातात.

तिकडे पोचल्यावर आराखड्यांवर सही करायचा अधिकार हा तिसराच विषय. तो राज्यागणिक बदलतो. क्वीन्सलँडमध्ये आरपीईक्यू नोंदणीशिवाय इंजिनिअरिंगची व्यावसायिक सेवा स्वतंत्रपणे देता येत नाही, नोंदणी असलेल्याच्या थेट देखरेखीखाली काम करता येतं. व्हिक्टोरियाने २०१९ च्या कायद्याने नोंदणी आणली, न्यू साउथ वेल्सने २०२० च्या कायद्याने ठरावीक प्रकारच्या इमारतींसाठी. आत्ता तुम्हाला फक्त पहिल्या पायरीची काळजी करायची आहे.

तुमचं काम मला सरळ इंजिनिअरिंगच दिसतंय. मेकॅनिकल इंजिनिअर २३३५१२ आणि प्रॉडक्शन ऑर प्लांट इंजिनिअर २३३५१३, या दोन्ही व्यवसाय-कोडची वर्णनं वाचा. रोजच्या कामाशी जे जुळेल ते घ्या. कुठल्या कोडला जास्त निमंत्रणं येतात हे बघून कोड निवडू नका.

गुलमोहर

मी मेलबर्नला, स्ट्रक्चरल. पदवीतल्या फरकाचं मी सांगते.

वॉशिंग्टन अकॉर्ड नावाचा करार आहे, १९८९ चा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, अमेरिका, ब्रिटन आणि आयर्लंड हे मूळ सहा देश. एका देशाच्या मानांकन संस्थेने मान्य केलेली इंजिनिअरिंग पदवी इतरांनी समकक्ष धरायची, असा तो करार. आपल्याकडून त्यात एनबीए, म्हणजे नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन, आहे. २००७ मध्ये तिला तात्पुरतं सदस्यत्व मिळालं आणि १३ जून २०१४ ला कायमचं.

आता खरी गोम. एनबीएची मानांकनं दोन प्रकारची, टियर १ आणि टियर २. टियर १ स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांच्या विभागांसाठी, टियर २ संलग्न कॉलेजांसाठी. अकॉर्डखाली फक्त टियर १ येतं. तेही अख्ख्या कॉलेजला मिळत नाही. एकेका शाखेला, ठरावीक वर्षांपुरतं मिळतं. म्हणजे एकाच कॉलेजात मेकॅनिकल यादीत आणि सिव्हिल बाहेर, असं होऊ शकतं. शिवाय भारत सदस्य होण्याआधी पास झालेल्यांना करार लागू नाही. तुमचं २०१३ आहे, म्हणजे कॉलेज कुठलंही असतं तरी तुम्हाला सीडीआरचाच, म्हणजे स्वतःच्या कामावरून क्षमता दाखवणाऱ्या लेखी रिपोर्टचाच, रस्ता होता. मावसभावाच्या शाखेला त्याच्या वर्षी टियर १ असणार, बाकी काही नाही.

हे मुद्दाम स्पष्ट लिहितेय, कारण "तुमच्या कॉलेजला कोणी विचारत नाही" हे वाक्य ऐकून माणूस खचतो आणि खचलेला माणूस पैसे मोजतो. फार मोठ्या नावाच्या संस्थांमधून आलेलेही सीडीआर लिहितात, कारण एनबीएकडे जायचं की नाही हे संस्थेच्या मर्जीवर असतं आणि सगळ्या जात नाहीत. यादीत नसणं म्हणजे पदवी खोटी किंवा हलकी असं मुळीच नाही.

भीमथडी

माहितीबद्दल आभार, पण माझा मूळ हरकतीचा मुद्दा आहे. चार वर्षं शिकलो, विद्यापीठाने पदवी दिली, एआयसीटीईची मान्यता आहे. आता परक्या देशातल्या संस्थेला निबंध लिहून सिद्ध करायचं की मी इंजिनिअर आहे? २ मार्च २०२३ ला भारत-ऑस्ट्रेलियाने पदव्यांच्या परस्पर मान्यतेची व्यवस्था केली, तेव्हा पेपरात केवढं छापून आलं होतं. मग त्याचा उपयोग काय?

पर्थकर

त्या व्यवस्थेचा उपयोग शिक्षणासाठी. आपली पदवी तिकडे पुढच्या प्रवेशाला समकक्ष धरतात. इंजिनिअरिंग, वैद्यक, कायदा यांसारख्या व्यवसायांची नोंदणी आणि परवाने त्यात येत नाहीत. पेपरातल्या मथळ्याखालचा मजकूर फार कमी जणांनी वाचला.

भीमथडी

बरं. तरीही "पदवी मान्य" असं म्हणायचं आणि परत तपासायचं, हे मला पटत नाही.

किवीकाकू

भीमथडी, तुमचा राग मला कळतो. आम्ही क्राइस्टचर्चला राहतो, म्हणून इथलं एक सांगते.

२२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात इथली सीटीव्ही इमारत कोसळली आणि ११५ माणसं गेली. त्यात परदेशातून इंग्रजी शिकायला आलेली कितीतरी तरुण मुलं होती. पुढे चौकशी आयोग बसला. आराखड्यातच गंभीर त्रुटी होत्या, हे त्यातून बाहेर आलं. आणि बांधकामावर देखरेख करणाऱ्या माणसाने दुसऱ्याच एका इंजिनिअरचं नाव आणि पदवी स्वतःची म्हणून वापरली होती, हेही उघड झालं. तो नंतर कित्येक वर्षं क्वीन्सलँडमध्ये इंजिनिअर म्हणून काम करत होता. इमारत त्याच्यामुळे पडली असं मी म्हणत नाही. पण त्या जागेसमोरून जाताना, कागद तपासणाऱ्यांचा मला कधी राग आला नाही. माझ्या नवऱ्याचेही कागद त्यांनी बारकाईने तपासले होते.

अवांतर: न्यूझीलंडचं गणित वेगळं आहे. ऑक्टोबर २०२३ पासून सहा गुण लागतात. साध्या पदवीचे तीन, आणि इथल्या कुशल कामाच्या दर वर्षाला एक, असे जास्तीत जास्त तीन. नोकरी किंवा नोकरीचं पत्र आधी हवं. पदवीची पातळी साधारणपणे एनझेडक्यूए ही इथली पात्रता तपासणारी संस्था ठरवते. ऑस्ट्रेलियासारखं घरी बसून सगळं जमवता येत नाही, पण वयाची मर्यादा ५५ आहे.

भीमथडी

काकू, हे माहीत नव्हतं. तपासणीबद्दलचा माझा मुद्दा मागे घेतो.

पण एक गोष्ट सोडणार नाही. टियर २ च्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला हा भेद कोण सांगतो? कॅपच्या फेरीत कॉलेजचा कोड, मागच्या वर्षीचा कटऑफ, फी आणि घरापासूनचं अंतर, एवढंच बघितलं जातं. बापाने कर्ज काढलेलं असतं. दहा वर्षांनी कळतं की पलीकडच्या कॉलेजची मुलं एका यादीवर पुढे गेली. हा प्रश्न ऑस्ट्रेलियाला विचारायचा नाही, आपल्या कॉलेजांना विचारायचा. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत शाखेचं मानांकन कुठल्या टियरचं आणि कुठल्या वर्षापर्यंतचं, हे ठळक छापायलाच हवं.

गुलमोहर

+१. शंभर टक्के. ज्यांची मुलं-भाचरं यंदा बारावीला आहेत त्यांनी एनबीएच्या संकेतस्थळावर शाखेचं नाव, टियर आणि मुदत स्वतः बघावी. तिथे सगळं उघड आहे.

कॅनडातला_कोल्हापुरी

इकडे उलटी तऱ्हा. कॅनडात एक्सप्रेस एंट्रीसाठी पदवीचं मूल्यांकन डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून होतं, आणि ते सोपं आहे. गुणपत्रकं विद्यापीठातून थेट गेली की काम झालं. पीआर हातात पडतो आणि मग कळतं की परवाना मिळेपर्यंत स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेता येत नाही. परवाना प्रांताच्या संस्थेकडून. ओंटारिओत पीईओ आहे, तिने मे २०२३ मध्ये कॅनडातल्या एका वर्षाच्या अनुभवाची अट काढली, तेव्हा आमच्यासारख्यांना जरा मोकळा श्वास मिळाला.

म्हणून सांगतो, ऑस्ट्रेलियाचा सीडीआर आत्ता डोंगरासारखा दिसतो, पण दमछाक विमानात बसण्याआधी होते. आमच्याकडे ती उतरल्यावर होते, तीही घरभाडं भरत.

कृष्णाकाठ, तुम्ही साखरेतले म्हणून विशेष आपुलकी वाटली. क्वीन्सलँडमध्ये मॅके आणि बंडाबर्गच्या पट्ट्यात साखर कारखाने आहेत ना?

पर्थकर

आहेत. आणि तिकडचं गाळप साधारण जूनपासून वर्षअखेरीपर्यंत. म्हणजे आपला हंगाम संपला की त्यांचा सुरू. कृष्णाकाठ, इकडचा पट्टा पडला की लगेच तिकडची मोळी, तुम्हाला सुट्टी म्हणून नाही. :)

कृष्णाकाठ

हा हा, बायकोला हे वाचून दाखवलं तर ती अर्जच फाडेल.

सगळ्यांचे मनापासून आभार. गुलमोहरताई, २०१३ चं कारण वाचून छातीवरचा दगड उतरला. कॉलेजबद्दल त्या एजंटाने जे सांगितलं ते फार लागलं होतं.

आता सीडीआरचं सांगा. मी काल एका एपिसोडचा कच्चा मसुदा केला. थोडक्यात असा: आमच्या कारखान्याची स्थापना, रोजची गाळप क्षमता, मिल टँडेमची रचना, सहवीज प्रकल्प. मग हंगामात मिलच्या टॉप रोलरचं बेअरिंग वारंवार गरम होत होतं. आमच्या टीमने पाहणी केली, उपाय केले, समस्या सुटली, गाळप सुरळीत झालं. बरोबर आहे ना?

पर्थकर

मनापासून लिहिलंय हे दिसतं, पण यात तुम्ही कुठे आहात? कारखाना आहे, टीम आहे, बेअरिंगही आहे.

सीडीआरमध्ये तीन करिअर एपिसोड असतात. प्रत्येक एक हजार ते अडीच हजार शब्दांचा. परिच्छेदांना क्रमांक द्यायचे, १.१, १.२ असे. सुरुवातीला थोडी ओळख आणि पार्श्वभूमी, शेवटी लहानसा समारोप. सगळा जीव मधल्या भागात, तुम्ही स्वतः केलेल्या इंजिनिअरिंगच्या कामात. 'आम्ही' शब्द तिथे चालत नाही, 'मी' हवा. आपल्याकडे मी मी करणं असभ्य मानतात, त्यामुळे आपले लोक नेमके इथे अडतात. शेवटच्या तक्त्यात, म्हणजे समरी स्टेटमेंटमध्ये, प्रोफेशनल इंजिनिअरच्या १६ क्षमतांपैकी प्रत्येक कुठल्या परिच्छेदात दिसते ते क्रमांकाने दाखवायचं.

मला सांगा. बेअरिंग गरम होतंय हे तुम्हाला कसं कळलं? पहिला संशय कशावर गेला? काय मोजलं? कुठला उपाय नाकारला आणि का? तुमचं म्हणणं कोणाला पटवावं लागलं? इथेच लिहा, मराठीत. इंग्रजी नंतर बघू.

कृष्णाकाठ

प्रयत्न करतो.

पिनियनच्या बाजूचं बेअरिंग, तेही रात्रपाळीत जास्त. चीफ इंजिनिअरसाहेबांचं मत होतं की ब्रासचा दर्जा खराब आलाय, नवीन मागवा. काही जण म्हणत होते हायड्रॉलिक प्रेशर कमी करा. ते मला पटेना, कारण प्रेशर उतरवलं की रस कमी निघतो, बगॅसची ओल पन्नास टक्क्यांच्या पुढे जाते आणि बॉयलरला स्टीम धरवत नाही. तो त्रास मी बॉयलरवर उभा राहून पाहिला होता.

आधी लोड भागिले जर्नलचा व्यास गुणिले लांबी, असा बेअरिंगवरचा दाब काढला. तो मेकरने दिलेल्या मर्यादेत होता. म्हणजे ओझं जास्त नव्हतं, उष्णता बाहेर जात नव्हती. मग प्रत्येक बेअरिंगच्या कूलिंग पाण्याच्या आऊटलेटला बादली लावून एका मिनिटात किती पाणी पडतं ते मोजलं. या बेअरिंगचं पाणी बाकीच्यांच्या निम्मंही नव्हतं. पाणी थेट नदीचं, त्यामुळे आतले मार्ग गाळाने आणि क्षाराने चोंदले होते. रात्री त्याच लाइनवर दुसरीकडचाही पाण्याचा वापर वाढायचा, म्हणून रात्री जास्त त्रास. पाळीपाळीचे तापमानाचे आणि पाण्याचे आकडे एकाच कागदावर मांडून साहेबांना दाखवले, तेव्हा ते तयार झाले. ऑफ सीझनला कूलिंगसाठी शुद्ध केलेल्या पाण्याचं बंद सर्किट, गाळणी, प्रत्येक बेअरिंगला तापमानाचा सेन्सर आणि मिलच्या पॅनेलवर अलार्म, असं डिझाइन मी केलं. पंपाचं हेड आणि कूलिंग टॉवरची क्षमता मीच काढली. पुढच्या हंगामात त्या कारणाने मिल थांबली नाही.

पर्थकर

कृष्णाकाठ! हेच. हाच तुमचा एपिसोड, आणि फार चांगला आहे. बादली काढू नका, ती राहू द्या. हिशेब करून एक कारण बाद केलं, मोजमाप करून दुसरं शोधलं, बॉयलरवर काय परिणाम होईल हे ओळखून सोपा उपाय नाकारला, वरिष्ठांना आकड्यांनी पटवलं. परीक्षक जे शोधतात ते सगळं इथे आहे. तुमचे हिशेबाचे कागद, पंपाची निवड, पाइपिंगचं स्केच, जे जे असेल ते जपून ठेवा.

शेवटचा_बाक

साखर कारखान्यातलं ओ का ठो माहीत नसताना मला सगळं समजलं. मी आयटी पार्कच्या एचव्हीएसीमध्ये, म्हणजे वातानुकूलनात, आहे, आज रात्री माझाही एक लिहायला घेतो.

निशिगंधा_ब्रिस्बेन

एजंटाच्या "फक्त सही करा"बद्दल कोणीतरी कडक शब्दांत लिहायला हवं, म्हणून लिहिते. अजिबात करू नका. तयार सीडीआर विकणाऱ्यांकडे तीच प्रकरणं नावं बदलून फिरत असतात. इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया सगळं लेखन साहित्यचोरीच्या तपासणीतून काढते. पकडलं गेलं की अर्ज नाकारला जातो, पुढे अर्ज करायला बंदी येऊ शकते आणि गृहखात्यालाही कळवलं जाऊ शकतं. पैसे जातात ते वेगळंच.

माझ्या ओळखीतल्या एका मुलाने असं घेतलं होतं. त्यात त्याने कधी न पाहिलेल्या पुलाचं डिझाइन त्याच्या नावावर लिहिलेलं. तो स्वतः अतिशय हुशार, पाणीपुरवठ्याच्या योजनांवर ऊन्हातान्हात काम केलेला. स्वतःचं काम लिहिण्यासारखं नाही, असं त्याला कोणीतरी पटवलं होतं. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. आपल्याकडे गावोगावी उत्तम काम करणारी मुलं आहेत आणि त्यांना सांगितलं जातं की तुमचं काम सांगण्याजोगं नाही.

भाषा तपासून घ्या, जरूर घ्या. फॉर्म भरायला नोंदणीकृत मायग्रेशन एजंटाची मदत घेतलीत तरी हरकत नाही. पण काम आणि शब्द तुमचे हवेत.

एमबी_वाला_जेई

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता. माझं काम म्हणजे अंदाजपत्रक, एमबी (मोजमाप पुस्तक) लिहिणं, कंत्राटदाराशी वाद आणि पावसाळ्यात खड्डे. याचा एपिसोड होईल का? आणि एमबीची झेरॉक्स पुरावा म्हणून जोडली तर?

निशिगंधा_ब्रिस्बेन

होईल की! घाटातल्या रस्त्याला संरक्षक भिंत बांधली असेल, तर मातीचा दाब कसा धरलात, विप होल्स (पाणी निघायची भोकं) कुठे ठेवले, पाया कुठल्या थरावर नेला, कंत्राटदाराच्या काँक्रीटचे क्यूब नापास झाल्यावर काय निर्णय घेतलात. देखरेखीतही अभियांत्रिकी निर्णय असतात.

एमबीची झेरॉक्स मात्र नको. ते सरकारी दप्तर आहे. त्याऐवजी कार्यकारी अभियंत्यांच्या सहीचं, लेटरहेडवरचं अनुभव प्रमाणपत्र घ्या. त्यात पद, तारखा, पूर्णवेळ की कसं आणि नेमकी कामं हवीत. "यांनी समाधानकारक काम केले" एवढ्या एका ओळीचं प्रमाणपत्र चालत नाही.

गुलमोहर

क्यूबवरून आठवलं. सिव्हिलवाल्यांनी इकडे येण्याआधी एक लक्षात ठेवा. आपण काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकात १५० मिमीच्या घनाची ताकद धरतो, इकडच्या एएस ३६०० मध्ये सिलिंडरची. त्याच काँक्रीटचा सिलिंडरचा आकडा घनापेक्षा कमी येतो. म्हणून एम २५ ला इकडचं २५ समजून डिझाइन करू नका. मुलाखतीत हे नीट सांगता आलं की समोरच्याचा विश्वास बसतो, माझा अनुभव आहे. स्टील स्ट्रक्चरवाल्यांनी एएस ४१०० आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनी एएस/एनझेडएस ३००० निदान चाळून ठेवा. आणि बांधकामाच्या साइटवर पाऊल टाकायचं तर व्हाइट कार्ड, म्हणजे सुरक्षा प्रशिक्षणाचं कार्ड, लागतं, मग पदवी कितीही मोठी असो.

जुनाजाणता

माझं एएमआयई (इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा) आहे. पिंपरीत नोकरी करत रात्री अभ्यास करून पूर्ण केलं. वय ४३. काही आशा?

पर्थकर

काका, नोकरी करत एएमआयई पूर्ण करणं काय असतं हे माझ्या वडिलांकडे बघून मला माहीत आहे. ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांचं एएमआयई आपल्या सरकारने पदवीच्या समकक्ष धरलेलं आहे, तो कागद जोडा. रस्ता सीडीआरचाच.

वयाचं मात्र कडक आहे. निमंत्रण येण्याच्या दिवशी ४५ पूर्ण झालेली नकोत. ४० ते ४४ ला वयाचे १५ गुण. म्हणून इंग्रजी परीक्षेची तयारी आजच सुरू करा, तिथे प्रत्येक विभागात ८ आणलेत तर २० गुण मिळतात. व्यनि (खाजगी निरोप) केला आहे.

शेवटचा_बाक

गुणांचा विषय निघालाच आहे तर धागाकर्त्याचं गणित कोणीतरी मांडा ना, आम्हालाही अंदाज येईल.

गुलमोहर

मांडते. वय ३३ ते ३९ मध्ये म्हणून २५. पदवी १५. परदेशातला अनुभव, गेल्या दहा वर्षांतला आठ किंवा जास्त असेल तर १५. आयईएलटीएसला प्रत्येक विभागात ७ आणले तर १०. झाले ६५. ही ईओआयची किमान पात्रता आहे, तेवढ्यावर निमंत्रण येईलच असं नाही.

आता वहिनी. त्याही इंजिनिअर आहेत. त्यांचंही असेसमेंट करून घेतलं आणि पुरेसं इंग्रजी असेल तर जोडीदाराचे १० वाढतात. ७५. राज्याने १९० क्रमांकाच्या व्हिसासाठी नामांकन दिलं तर आणखी ५, आणि ४९१ घेतलात तर १५. ४९१ हा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून राहायचं, तीन वर्षांनी अटी पूर्ण झाल्या की १९१ वर कायमचा पीआर. पर्थ आणि अ‍ॅडलेड त्यात चालतात. मॅके-बंडाबर्गही.

आणि एक विचारते, राग मानू नका. मुख्य अर्जदार तुम्हीच का? स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे डिझाइन केलेली बाई आहे. दोघांची असेसमेंट आल्यावर दोन्ही बाजूंनी गुण मोजा आणि मग ठरवा.

कृष्णाकाठ

राग कसला ताई. हा विचार आम्ही केलाच नव्हता. ती शेजारी बसून वाचतेय आणि तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत देतो: "माझ्या बीईच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं, वर आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव. शिवाय कन्सल्टंटकडे पहिली काही वर्षं पगार रोख मिळायचा, फॉर्म १६ नाही. मग माझं असेसमेंट होणार कसं?"

निशिगंधा_ब्रिस्बेन

वहिनी, नावाचं अगदी निश्चिंत राहा. महाराष्ट्रातल्या निम्म्या मुलींची हीच गोष्ट आहे. विवाह प्रमाणपत्र लावा. नाव राजपत्रात बदललं असेल तर तो उतारा, नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र. सगळीकडे एकच क्रम वापरा आणि अर्जात "पूर्वीचं नाव" या रकान्यात गुणपत्रकावरचं नाव जसंच्या तसं भरा. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट मागवायला मात्र आजच सुरुवात करा, सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो.

रोख पगाराचं: तुम्ही जोडीदार म्हणून असेसमेंट करत असाल तर अनुभवाचे गुण मागायची गरज नाही. त्यामुळे फॉर्म १६, पीएफचं पासबुक, बँकेची स्टेटमेंट हा सगळा पसारा मुख्यतः तुमच्या नवऱ्याच्या अर्जाला लागेल. तुम्हाला पदवी, तीन एपिसोड आणि इंग्रजी. एपिसोड शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवरही लिहिता येतो. कन्सल्टंटकडच्या कामावर लिहिणार असाल तर त्यांच्याकडून तारखा आणि कामं लिहिलेलं पत्र घ्या, आणि ज्या ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये 'डिझाइन' या चौकटीत तुमची आद्याक्षरं आहेत त्यांची यादी काढा. ड्रॉइंग जोडण्याआधी त्यांची परवानगी घ्या.

पगार बँकेत कधीपासून यायला लागला? त्या पुढची वर्षं जमेला धरता येतील का ते बघू, म्हणजे गुलमोहरने म्हटल्याप्रमाणे तुमच्या बाजूनेही गणित मांडता येईल.

कृष्णाकाठ

२०१९ पासून बँकेत. पासबुकं काढायला बसलोय दोघं. उद्या आकडे टाकतो.